जोडीचा कोयता, एकटीचं बाळ

दिवाळी सरत आली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादम ट्रॅक्टर घेऊन येतो, पीठ-मीठ, भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरंबाळं ट्रॉलीत चढतात, आणि टोळी कारखान्याच्या वाटेला लागते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो. नवरा वारला किंवा सोडून गेला तर मागे राहिलेली बाई अर्धा कोयता ठरते, आणि अर्ध्या कोयत्याला उचल द्यायला मुकादम सहसा राजी नसतो. मग ती भावाबरोबर जाते, दिराबरोबर जाते, नाहीतर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून त्यालाच जोडीला घेते.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अंगणवाड्या मी पाहिल्या. निवृत्तीनंतरही सेविका आणि आशाताई मला फोन करतात, "मॅडम, हिचं काही होईल का?" म्हणून विचारतात. ही 'ती' बहुतेक वेळा विशी-पंचविशीतली असते, कडेवर तान्हं मूल असतं आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं असतात. तिच्यासाठी सरकारने काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. योजना पुष्कळ आहेत. पण त्याही बऱ्याच अंशी जोडीच्याच मापाने बेतलेल्या आहेत. लहान मुलाच्या गरीब आईला पैसा, पाळणा आणि काम या तीन गोष्टी एकाच वेळी मिळाल्या तरच ती उभी राहते. आज त्या तीन वेगवेगळ्या खात्यांतून, तीन वेगवेगळ्या वर्षी येतात. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

सोळा दिवसांची मजुरी

पहिलटकरणीपासून सुरुवात करू. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना २०१७ पासून सुरू आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी पुरी झाली की २,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० रुपये. शिवाय ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंतपण झालं तर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये.

आता हिशेब मांडू. रोजगार हमीची आपल्या राज्यातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने ५,००० रुपये म्हणजे १६ दिवसांची मजुरी. आस्थापनेत नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना भरपगारी रजा मिळते २६ आठवड्यांची. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली तशी दुरुस्ती झाली. आठवड्याचे सहा दिवस धरून त्याच ३१२ च्या दराने २६ आठवड्यांचे ४८,६७२ रुपये होतात. कांदा लावणारी बाई आणि कचेरीत बसणारी बाई दोघींचंही शरीर सारखंच झिजतं, बाळही सारखंच सहा महिने अंगावर पितं. एकीला २६ आठवडे आणि दुसरीला १६ दिवस, हा फरक बाळाला कसा समजावून सांगायचा?

हा प्रश्न आजचा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारनेच उचलायला हवा, कारण लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. पुढच्याच वर्षी, १९२९ ला, मुंबई प्रांतात देशातला असा पहिला कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता. शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तो विचार पोचायला २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा यावा लागला. त्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचं लिहिलं आहे. तमिळनाडूत मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख रक्कम आणि पोषण संच मिळून १८,००० रुपयांची मदत होते. आपल्याकडेही बांधकाम कामगार मंडळात नोंदलेल्या बाईला नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. शेतमजूर बाईमागे मात्र असं मंडळ उभं नाही.

मातृ वंदनेची रक्कम लहान, आणि तीही वेळेवर हाती पडेल याची खात्री नाही. नव्या सुनेचं आधारकार्ड माहेरच्या नावाचं, रेशनकार्ड सासरचं, लग्नाची नोंद झालेलीच नाही, अशी तीन तोंडं तीन दिशांना असतात. एका पोरीला पैसे जमा झाल्याचा निरोप आला आणि बँकेत जाऊन पाहते तर शिल्लक तेवढीच. तिच्याबरोबर बसून शोध घेतला. सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, आणि तिचं आधार जोडलेलं होतं अकरावीत शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या गावी उघडलेल्या खात्याला. पैसे तिथे सुखरूप पडून होते. इकडे ती बाळाला सासूकडे ठेवून खुरपणीला जायला लागली होती. बाळंतपणाचा पैसा ज्या कामापासून तिला विसावा देण्यासाठी होता, ते काम सुरू झाल्यावर तो सापडला. शिवाय या योजनेत किमान वयाची अट आहे. ज्या पोरीचं सोळाव्या-सतराव्या वर्षीच लग्न लावून दिलं, तिचं बाळ सगळ्यांत अशक्त असण्याचा संभव, आणि नेमकी तीच यादीबाहेर राहते.

कागदावरचा नवरा

नवऱ्याविना मूल वाढवणारीचा रस्ता याहून खडतर. त्यातही विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. त्या एका कागदावर काही दारं उघडतात. कमावता माणूस गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २०,००० रुपये, संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये, अंत्योदय कार्ड झालं तर महिन्याला ३५ किलो धान्य. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. ती महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून चालू आहे, २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं आणि रक्कम १,१०० वरून मुलामागे महिन्याला २,२५० झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. ही मदत मुलाच्या नावाची, त्यामुळे आईच्या अनुदानाशी तिचं भांडण नाही.

सावित्रीबाईंचं नाव इथे शोभून दिसतं. शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण त्यांनी आपल्या नगरमध्येच, मिस फॅरार यांच्या शाळेत घेतलं. १८६३ साली जोतीराव आणि त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने तिथे यावं, बाळंत व्हावं, हवं तर बाळ ठेवून जावं, एवढा त्याचा नियम. तिथेच जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला, यशवंतला, या दांपत्याने पदरात घेतलं. "बाळाचा बाप कोण?" हा प्रश्न दारातच विचारायचा नाही, हे त्या घराचं मोठेपण होतं.

आजच्या खिडकीवर तोच प्रश्न पहिला येतो. टाकलेल्या बाईचं दुखणं हेच आहे. ती विधवा नाही, घटस्फोटिताही नाही. नवरा पुण्या-मुंबईकडे गेला तो गेला. तो आहे म्हणून सिद्ध करता येत नाही, नाही म्हणूनही सिद्ध करता येत नाही. तलाठ्याचा पंचनामा, ग्रामसेवकाचा दाखला, पोलीस पाटलाचं पत्र, बॉण्डवर प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक कागदामागे बुडालेला एकेक रोज. सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय माहेरी तिचं वेगळं कार्ड होत नाही, आणि सासरचे नाव कमी करायला येत नाहीत. मातृ वंदना योजनेत २०२२ पासून नवऱ्याच्या आधारची सक्ती राहिलेली नाही, एकट्या आईचा विचार करूनच ती काढली गेली. पण हे खिडकीपलीकडच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ साली पुन्हा पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा अशा बायकांच्या तोंडचं पाणी पळालं.

उत्पन्नाच्या अटी पाहिल्या की आणखी एक गाठ दिसते. मातृ वंदनाची मर्यादा वर्षाला ८ लाख, लाडकी बहीणची अडीच लाख, वात्सल्य प्रायोजकत्वाची ग्रामीण भागात ७२,०००, आणि संजय गांधी योजनेची २१,०००. एकाच बाईला आपण चार मापांनी गरीब ठरवतो. २१,००० ला ३१२ ने भागा, ६७ दिवस येतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेली विधवा वर्षाला ६८ दिवस रोजगार हमीवर गेली तर निराधार अनुदानाला अपात्र ठरते, आणि रोजगार हमीच्या केंद्राच्या २००५ च्या कायद्याने कुटुंबाला हमी दिली होती १०० दिवसांची. म्हणजे एका खात्याने दिलेलं काम तिने पुरं केलं तर दुसऱ्या खात्याचा आधार जातो. यातून वाट काढायला दाखल्यावर खोटं उत्पन्न लिहिलं जातं, आणि कष्टाळू बाईला सही करताना मान खाली घालावी लागते. दुसरी गोष्ट: लाडकी बहीणचेही १,५०० आणि निराधारचेही १,५००, दोन्हींपैकी एकच घेता येतं. नवरा कमावता असलेल्या बहिणीला जेवढं मिळतं तेवढंच दोन लेकरांच्या विधवेला. लाडक्या बहिणीबद्दल माझी तक्रार नाही, तो पैसा थेट बाईच्या हाती गेला याचा मला आनंदच आहे. पण एकटेपणाचा जो जादा भार आहे, त्याच्यासाठी आपण शून्य रुपये धरले, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

तरीही ही गाठ सुटू शकते, हे आपण एकदा पाहिलं आहे. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर गावोगाव तरुण विधवा झाल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याचे शिक्षक हेरंब कुलकर्णी यांनी पुढाकार घेऊन कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली, राज्यभरातल्या कार्यकर्त्यांनी याद्या केल्या, आणि सरकारवर दबाव आला. २७ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने केंद्राच्या योजनेहून वेगळ्या, आपल्या मिशन वात्सल्यचा निर्णय काढला, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले. तेव्हा जे घडलं त्यात नव्या पैशापेक्षा नवी पद्धत महत्त्वाची होती. तलाठी, ग्रामसेवक, सेविका, आशा अशी सगळी माणसं एका टेबलाभोवती बसली. वारसनोंद, रेशनकार्ड, बालसंगोपन, निराधार हे सगळे अर्ज एकाच बैठकीत भरले गेले. अकोल्याहून जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर. तान्हं मूल घेऊन तेवढं जायचं, साहेब नसले की परत यायचं, हे त्या बैठकीने वाचवलं. कोरोनाच्या विधवेला जे शक्य झालं ते दारूने, अपघाताने, सर्पदंशाने नवरा गेलेल्या बाईला का शक्य होऊ नये? आणि सोडून दिलेलीला का नाही?

बाळ कुठे ठेवायचं?

समजा सगळे पैसे वेळेवर आले. निराधारचे १,५०० आणि एका मुलाचे २,२५० मिळून ३,७५०. महिना निघत नाही. काम करावंच लागतं, आणि काम म्हटलं की पहिला प्रश्न उभा राहतो तो बाळाचा. एकत्र कुटुंबात सासू, जाऊ, नणंद असते. एकटी कुणाकडे पाहणार?

कांदा लागवडीच्या दिवसांत पारनेर-श्रीगोंद्याकडे पहाटेच पिकअप भरून बायकांच्या टोळ्या निघतात. लागवड उक्ती असते, वाफ्यावर पैसे. त्यामुळे मूल घेऊन येणारी टोळीला नको असते, तिचा हात मागे पडतो आणि सगळ्यांचाच हिशेब घटतो. एकदा बांधावर पाहिलेलं सांगते. बाभळीला साडीची झोळी, झोळीत आठ महिन्यांचं पोर, आणि झोळीची दोरी धरून उभी असलेली पाच वर्षांची बहीण. ऊन सरकेल तशी ती झोळीवर फडकं ओढत होती, माश्या वारत होती, रडलं की पाण्यात बिस्कीट कालवून भरवत होती. अंगणवाडीच्या हजेरीपटावर त्या दोघांचीही नावं होती. आईचा रोज पडू नये म्हणून त्या मुलीचं बालपण मोडीत निघालं होतं. या खर्चाची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

रोजगार हमीच्या कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं आहे. कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. एकट्या बाईला स्वतःच्या नावाचं जॉबकार्डही मिळतं. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी ज्या राज्याने देशाला दिली, त्या राज्यात मुलं सांभाळणारी ही बाई प्रत्येक कामावर दिसायला हवी. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची सोय आहे. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि खुरपणी संध्याकाळी सुटते, मधल्या त्या चार तासांवर एका आईची नोकरी टांगलेली असते.

काय चालतं, हेही याच जिल्ह्यात दिसतं. अकोल्याच्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेने अंगणवाडीत यायचं आणि एक वेळचं गरम, चौरस जेवण जेवायचं. त्याला बँक लागत नाही, नवऱ्याचं आधार लागत नाही. नगर शहरात १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेलं स्नेहालय लालबत्ती भागातल्या बायकांच्या मुलांना सुरक्षित जागा हवी, या गरजेतूनच वाढलं. जामखेडला १९७० साली काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांत शाळेचं तोंड न पाहिलेल्या होत्या, घराने टाकलेल्या होत्या. प्रशिक्षण घेऊन त्या आपापल्या गावी परतत आणि तिथेच काम करत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने त्या कामाची दखल घेतली. काम गावातच असलं, वेळ आपल्या हातात असली आणि गावाने मान दिला, तर एकटी बाई मूल सांभाळून काय करू शकते, ते त्यांनी दाखवलं.

म्हणून एकट्या आईला कामाला लावताना मी आधी तिच्या घरापासून कामाचं अंतर विचारते. बचत गटाच्या कर्जातून दोन गाई घेतल्या तर डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी हाती येतो आणि गोठा दाराशी असतो. शेळ्या अडीनडीला विकता येतात. अंगणवाडी सेविका-मदतनीस भरतीत विधवांना जादा गुण आहेत, त्या जागेची जाहिरात तिच्यापर्यंत पोचवणं आपल्या हाती आहे. पिंक ई-रिक्षा योजनेसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत अहिल्यानगर आहे, शहरातल्या बाईला ती वाट आहे. सुप्याच्या आणि नागापूरच्या एमआयडीसीत बायकांना काम मिळतं, पण पाळीची वेळ आणि पाळणाघर यांची सोय झाल्याशिवाय तान्ह्या मुलाची आई तिथे टिकत नाही. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर माणसं विभागून दाखवली तरी बाळं विभागली जात नाहीत, हे कारखानदारांनी मनावर घ्यावं.

एकट्या बापालाही मी विसरत नाही. बायको बाळंतपणात गेली आणि तान्हं मूल बापाच्या पदरी पडलं, अशी घरं आहेत. बालसंगोपन योजना त्याच्या मुलालाही लागू आहे, आणि सहा महिन्यांपासून पुढे बाळाचा घरपोच आहार बाळाच्याच नावाचा असतो. पण अंगणवाडीच्या दारात उभं राहायला त्याला संकोच वाटतो. सेविकेने त्याला आत बोलावलं पाहिजे.

गावाच्या हातात काय आहे

जिल्ह्याला आपण अहिल्यादेवींचं नाव दिलं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक १७५४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरी दोन मुलं होती. सासरे मल्हाररावांनी तिला सती जाऊ दिलं नाही आणि कारभारात घेतलं. तिचं पुढचं कर्तृत्व तिचं स्वतःचं. पण त्या वेळी तिच्या हाती काम दिलं गेलं, अधिकार दिला गेला, याचा विसर पडता कामा नये.

सरकारकडे माझं मागणं थोडकं आहे. प्रसूतीची मदत मजुरीच्या दराशी जोडा आणि ती बाळंतपणाच्या आधीच हाती द्या. निराधार योजनेची २१,००० ची मर्यादा वाढवा, निदान रोजगार हमीची मजुरी तिच्यातून वगळा. टाकलेल्या बाईसाठी ग्रामसभेचा ठराव हाच पुरावा माना. तालुका वात्सल्य समितीची बैठक दर महिन्याला, ठरल्या तारखेला आणि सगळ्याच एकल पालकांसाठी घ्या.

तोवर गावाने थांबायचं कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो सतरंज्या, शिलाई यंत्रं आणि हळदीकुंकवाच्या वाणात जातो. त्याच पैशातून अंगणवाडीच्या मदतनिसाला किंवा गावातल्याच एखाद्या एकट्या बाईला मानधन देऊन दुपारनंतरचे चार तास पाळणाघर चालवता येतं. खोली आहे, चटया आहेत, मुलंही तिथेच आहेत. त्या एका मानधनातून मुलं सांभाळणारीला काम मिळतं आणि शेतावर जाणाऱ्या पाच-सात जणींचा रोज वाचतो. टाकलेल्या बाईने पोटगीसाठी कुठे जावं, हेही गावाने तिला सांगावं: तालुका विधी सेवा समितीत कोणत्याही स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाने उभं राहून दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या गावात एकटीने किंवा एकट्याने मूल वाढवणारे किती जण आहेत, आणि त्या १० टक्क्यांचा हिशेब काय. पहिल्या प्रश्नाची यादी सेविकेकडे आणि आशाताईकडे मिळून एका दिवसात होते. दुसऱ्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि त्याखाली पाळणाघराचा ठराव मांडावा.